प्रून : मुलांच्या बद्धकोष्ठतेवरील उपयोग

प्रून म्हणजे सुकवलेला आलुबुखार. गुलाब कुलातील प्रूनस डोमेस्टिका या युरोपीय आलुबुखाराच्या ज्या जातींत साखर भरपूर असते आणि ज्या बीसकट वाळवल्या तरी आंबत नाहीत, त्यांपासून तो तयार करतात. फ्रान्समधील आझाँ परिसराची जात यासाठी नावाजलेली आहे. पेलिए बंधूंनी १८५६ मध्ये तिच्या कलमकाड्या कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोऱ्यात नेल्या आणि तिथून आजचा मोठा व्यापार उभा राहिला. पोट साफ करणारे फळ अशी प्रूनची ख्याती इतकी पक्की झाली, की २००० च्या सुमारास अमेरिकेतील उत्पादकांनी ‘सुके आलुबुखार’ हे नाव पुढे केले. वृद्धांचे औषध ही ओळख त्यांना पुसायची होती. ही ख्याती मुळात खरी आहे. मात्र प्रून मुलांच्या पोटावर कशामुळे आणि किती मात्रेत काम करते, हे पाहिल्यावरच त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळते. सुरुवातीच्या, सौम्य बद्धकोष्ठतेत ते चांगला आधार आहे. जुन्या आणि तुंबलेल्या बद्धकोष्ठतेत त्याच्यावर विसंबून राहिल्यास मुलाचे हाल लांबतात.

प्रूनचा गुण चोथ्यात आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. १०० ग्रॅम प्रूनमध्ये तंतुमय भाग साधारण ७ ग्रॅम असतो, पण गाळलेल्या रसात तो फारच थोडा उरतो आणि तरीही रसाने शौचास होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी येथे बोलकी आहे. बद्धकोष्ठता असलेल्या ४० प्रौढांना तीन आठवडे रोज १०० ग्रॅम प्रून आणि तीन आठवडे २२ ग्रॅम इसबगोल देण्यात आले. दोन्हींतून मिळणारा तंतुमय भाग सारखाच, सुमारे ६ ग्रॅम होता. तरी पूर्ण समाधान देणाऱ्या शौचांची संख्या प्रूनने अधिक वाढली. चोथा सारखा असून परिणाम वेगळा, म्हणजे कारण चोथ्यापलीकडे शोधले पाहिजे. ते प्रामुख्याने सॉर्बिटॉल या शर्करा-अल्कोहॉलात सापडते. सफरचंद, नासपती, आलुबुखार ही गुलाब कुलातील झाडे पानांत तयार झालेले अन्न बऱ्याच अंशी सॉर्बिटॉलच्या रूपात फळाकडे पाठवतात. आपले लहान आतडे ते सावकाश आणि अपुरे शोषते. उरलेले मोठ्या आतड्यात पोचते, पाणी धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ राहतो. तेथील जीवाणू ते आंबवतात, त्यातून आम्ले आणि वायू तयार होतात. प्रूनमध्ये क्लोरोजेनिक आम्लाच्या जातीची फिनॉलिक द्रव्येही भरपूर असतात. त्यांचा हातभार असेल, पण मुख्य भार सॉर्बिटॉलचाच मानणे सयुक्तिक ठरते. आपल्याकडच्या भिजवलेल्या काळ्या मनुका हे प्रूनचे घरगुती रूप समजले जाते. द्राक्ष मात्र या कुलातले नाही आणि मनुकांत सॉर्बिटॉल जवळजवळ नसते. मनुका उपयोगी पडतात त्या चोथ्यामुळे आणि टार्टारिक आम्लामुळे. म्हणून प्रूनचा अनुभव मनुकांना किंवा मनुकांचा प्रूनला जसाच्या तसा लावता येत नाही.

कारण कळले की मात्रेचा हिशेब करता येतो, आणि तोच या विषयाचा गाभा आहे. १०० ग्रॅम प्रूनमध्ये सुमारे १५ ग्रॅम आणि १०० मिलिलिटर रसात सुमारे ६ ग्रॅम सॉर्बिटॉल असते. एका मध्यम प्रूनमधून सव्वा ते दीड ग्रॅम मिळते, तर ६० मिलिलिटर रसातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आता हे बालरोगतज्ज्ञ वापरतात त्या लॅक्टुलोजशी ताडून पाहू. तेही आतड्यात पाणी धरणारे, न शोषले जाणारे साखरेचे औषध आहे. १९९० मध्ये वृद्ध पुरुषांवर झालेल्या तुलनेत सॉर्बिटॉल आणि लॅक्टुलोज यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नव्हता. मुलांसाठी लॅक्टुलोजची रोजची मात्रा दर किलो वजनामागे १ ते २ ग्रॅम असते. म्हणजे १० किलोच्या बाळाला किमान १० ग्रॅम. तेवढे सॉर्बिटॉल रसातून द्यायचे तर दीडशे मिलिलिटरहून अधिक रस लागेल. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाने दिवसभरात कोणताही फळांचा रस १२० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये. म्हणजे योग्य मर्यादेत दिलेला प्रूनचा रस हा औषधाच्या खालच्या मात्रेहूनही कमी असतो. नुकताच खडा होऊ लागलेल्या मुलाला तेवढे पुरते. आठवडे-महिने मळ साचलेल्या मुलाला पुरत नाही. मग पालकांना वाटते की मात्रा वाढवावी, आणि गॅस, कळा व जुलाब हाती येतात.

यावर हरकत अशी घेतली जाईल, की प्रूनवरच्या चाचण्या प्रौढांच्या आहेत, मग मुलांबद्दल बोलायचे कशाच्या आधारावर? हरकत रास्त आहे. मुलांवरील थेट पुरावा थोडाच आहे. पण सॉर्बिटॉलचे आतड्यातील काम वयाप्रमाणे बदलत नाही आणि सॉर्बिटॉलयुक्त रसांचा उल्लेख उत्तर अमेरिकेतील बालपचन-तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही आहे. पुरावा कमी असल्याने प्रून टाकून देण्याचे कारण नाही. दावा लहान ठेवण्याचे मात्र आहे. दुसरी हरकत याच्या उलट दिशेने येते : फळ नैसर्गिक आहे, मग औषध कशाला? पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी औषधे आतड्याला सवय लावतील, अशी धास्ती त्यामागे असते. पण मळ मऊ करणारी ही औषधे आतड्याला आळशी करत नाहीत. २०१४ च्या युरोपीय-उत्तर अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी पहिली निवड पॉलिएथिलीन ग्लायकॉलचीच आहे. जादा चोथ्याची पूरके देण्याची शिफारस त्यांत नाही. नेहमीच्या आहारातला चोथा आणि पुरेसे पाणी एवढेच सांगितले आहे. उपचार किमान दोन महिने चालावा आणि तक्रारी थांबल्यावरही महिनाभर टिकावा, असेही त्या म्हणतात. पहिला मऊ दिवस उगवताच औषध बंद करणाऱ्या घरांसाठी हे वाक्य मोलाचे आहे.

बद्धकोष्ठतेचे मूळ बहुतेक मुलांत पोटात नसून भीतीत असते, हे या चर्चेत निसटते. एकदा कडक शी होताना दुखले, कधी चीर पडून रक्त आले, की मूल पुढच्या वेळी दाबून धरते. पाय आवळून, कोपऱ्यात उभे राहून, लाल चेहऱ्याने ते शी रोखते, आणि पाहणाऱ्याला ते जोर लावते आहे असे वाटते. रोखलेल्या मळातले पाणी शोषले जाते, तो आणखी कडक होतो, मलाशय ताणले जाते आणि ओढ जाणवेनाशी होते. मग तुंबलेल्या मळाच्या कडेने पातळ द्रव झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांना हा जुलाब वाटतो, शिवाय मुलाला ओरडाही बसतो. अशा मुलाला प्रूनचा रस दिल्यास झिरपणे वाढेल आणि तुंबारा तसाच राहील. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तुंबलेला मळ काढावा लागतो. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, त्या वेळी पाय टेकायला पाट देऊन मुलाला पाच-दहा मिनिटे शांतपणे बसवणे यात प्रूनहून मोठे बळ आहे. रागावणे इथे प्रत्यक्ष अपाय करते.

देण्याची रीत वयावर ठरते. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते आणि केवळ अंगावरचे दूध पिणारे बाळ काही दिवस शी न करता राहिले, तरी शी मऊ आणि बाळ खेळते असल्यास तो आजार नसतो. एका वर्षाखाली रस द्यायचा तर तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्यावा. वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला एक-दोन भिजवलेली, बी काढलेली प्रून कुस्करून पेजेत किंवा खिमटीत देता येतात; आख्खे प्रून लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असतो. वंशागत फ्रुक्टोज असह्यता असलेल्या मुलाला सॉर्बिटॉल घातक ठरते, कारण शरीरात त्याचे फ्रुक्टोज होते. आणि जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, तक्रार पहिल्याच महिन्यात सुरू झाली असेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर प्रून, एरंडेल किंवा बाळगुटी यांपैकी काहीही न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही लक्षणे हिर्शस्प्रुंग या जन्मजात विकाराची असू शकतात; त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात आणि उपाय शस्त्रक्रियेचाच असतो.