लोखंडाचा माग : वसईच्या खाडीपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत

धातुशोधक यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वे स्थानकाच्या दारातली चौकट उभी राहते. ती दिवसभर कोकलत असते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. परंतु ह्या यंत्राचे दुसरे, अधिक जुने आणि अधिक गंभीर काम आहे. ते म्हणजे घडून गेलेल्या गुन्ह्याचा पुरावा शोधणे. आजचा धागा त्या कामाच्या इतिहासावर आहे. त्याचा मध्यबिंदू पालघर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरची वसईची खाडी आहे.

आरंभ मात्र वॉशिंग्टनला करावा लागेल. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली आणि ती नेमकी कुठे आहे हे वैद्यांना कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने तारेच्या वेटोळ्यांचे एक उपकरण सिद्ध केले. धातू जवळ आला की दोन वेटोळ्यांतला विद्युत्समतोल ढळे आणि कानाशी धरलेल्या श्रवणयंत्रात गुणगुण उमटे. प्रयोगशाळेत यंत्र चोख चालले, रुग्णाच्या खाटेपाशी मात्र ते फसले. खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय प्रमुख वैद्यांनी, गोळी उजवीकडेच असणार अशा खात्रीने, फक्त उजवी बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली.

धातुशोधनाच्या पुढच्या सर्व अपयशांचे बीज ह्या एका प्रसंगात आहे, असे मला वाटते. भोवतालचे नको असलेले लोखंड हे एक, आणि कुठे शोधायचे हे आधीच ठरवून बसलेला माणूस हे दुसरे. यंत्राचा दोष तिसऱ्या क्रमांकावर येतो.

गेरहार्ड फिशर ह्या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याला १९३७ मध्ये अमेरिकेत अशा यंत्राचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की ह्या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक घडवला आणि १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात तो कामी आला. युद्ध संपल्यावर ही यंत्रे हौशी खजिनाशोधकांच्या हाती गेली, हळूहळू पोलिसांच्याही.

पण गुन्ह्याच्या जागेचा शोध शिस्तीने कसा घ्यावा, ह्याचा सर्वांत सुंदर धडा पोलीस ठाण्याबाहेर घडला. १८७६ साली लिटल बिगहॉर्न येथे सेनानी कस्टर आणि त्याची तुकडी मूळ अमेरिकी योद्ध्यांकडून मारली गेली. १९८३ च्या वणव्यात त्या माळावरचे गवत जळाले आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे धातुशोधकांची रांग लावली. यंत्र वाजले की छोटी निशाणी रोवायची, वस्तू उचलायची नाही. मागून दुसरा गट येई, जागा मोजून नोंदवी आणि मगच माती उकरी. बंदुकीचा घोडा पडताना काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटतो, तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. पोलिसांची ही जुनी पद्धत वापरून त्यांनी एकेक बंदूक माळावर कुठून कुठे सरकली ते रेखाटले. योद्ध्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारची हत्यारे होती, हेही त्यातूनच उघड झाले. शंभर वर्षांपूर्वीची लढाई गुन्ह्याच्या तपासासारखी उलगडली.

आपल्याकडे अशा शोधाला एक स्वतंत्र कायदेशीर वळण आहे, आणि ते समजल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्याला अपवाद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २७ चा. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.) १९४६ च्या अखेरीस पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ह्याचा अर्थ सांगितला. आरोपीने छपरात लपवलेली सुरी काढून दिली, तर ‘सुरीचा शोध’ लागला असे होत नाही, कारण सुऱ्या फार पूर्वीच शोधल्या गेल्या आहेत. शोध लागतो तो सुरी तिथे दडवलेली आहे हे आरोपीला ठाऊक होते, ह्या गोष्टीचा.

म्हणून आपला तपास अधिकारी यंत्रापेक्षा माणसाच्या तोंडाकडे अधिक पाहत आला. १९६८ साली रामन राघवने रमाकांत कुलकर्णींच्या पथकाला स्वतः फिरवून लपवलेली लोखंडी कांब दाखवली. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात पहिल्या बळीचा देह लोखंडी पिंपात घालून पेशवे उद्यानाच्या तळ्यात बुडवलेला होता. तो १९७७ मध्ये, आरोपींपर्यंत पोलीस पोहोचल्यावर बाहेर आला. त्याच टोळीने शेवटचा मृतदेह लोखंडी शिडीला बांधून नदीत सोडला होता, तो मात्र आपण होऊन वर आला आणि त्यांचा घात झाला. पुरावा बुडवायला लोखंड लागते आणि तेच लोखंड शोधणाऱ्याला खूण देते, हा विरोधाभास ह्या धाग्यात पुन्हा भेटेल.

यंत्राने परस्पर शोधून काढलेली वस्तू आणि आरोपीने दाखवलेली वस्तू ह्यांचे वजन न्यायालयात सारखे नसते. यंत्र सांगते की येथे धातू आहे. तो कुणी ठेवला हे ते सांगत नाही. ती गाठ पंचनाम्याने, पंचांच्या साक्षीने आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाने मारावी लागते. तशी गाठ बसली तर क्षुल्लक तुकडाही पुरतो. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात मुलाचा मृतदेह मोटारसायकलवरून नेऊन कालव्यात टाकल्याचे आरोपीने सांगितले. त्या ठिकाणी काचेचा एक तुकडा मिळाला आणि तो मोटारसायकलच्या मागच्या फुटक्या दिव्याला जुळला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हा शोध कलम २७ खाली ग्राह्य मानला.

आता वसईच्या खाडीकडे येऊ.

अश्विनी बिद्रे ह्या मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, नवी मुंबई पोलीस दलातल्या सहायक पोलीस निरीक्षक. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. संशय ज्याच्यावर होता तो अभय कुरुंदकर ठाणे ग्रामीण पोलिसांत वरिष्ठ निरीक्षक होता. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला जानेवारी २०१७ मध्ये. त्याच महिन्यात, प्रजासत्ताकदिनी, कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झाले. कुटुंबीयांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. अभियोगपक्षाची मांडणी अशी की ११ एप्रिल २०१६ रोजी भाईंदरच्या सदनिकेत खून झाला, देहाचे तुकडे करण्यात आले आणि ते लोखंडी पेटीत व गोणीत भरून खाडीत टाकण्यात आले.

२०१८ साली खाडीत शोध सुरू झाला. पाणबुडे उतरले आणि लोखंड टिपणारी चुंबकीय उपकरणे पाण्यात फिरवण्यात आली. पेटी मिळाली नाही.

का मिळाली नाही, हे समजण्यासाठी यंत्रांतला एक भेद ध्यानात घ्यावा. हातातला धातुशोधक स्वतः चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि त्याने धातूत उठलेला प्रवाह टिपतो, म्हणून त्याला पितळेचे काडतूसही कळते आणि सोन्याची अंगठीही. पण त्याची पोहोच फार थोडी. छोट्या वस्तूसाठी वीतभर, मोठ्या वस्तूसाठी हातभर. खाडीत मॅग्नेटोमीटर लागतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली वाकडीतिकडी वळणे मोजतो. त्याची पोहोच लांब, परंतु त्याला फक्त लोखंडाची जात ओळखता येते, पितळेशी त्याचे काही देणेघेणे नाही. आणि वस्तूपासूनचे अंतर दुप्पट झाले की तिची खूण आठव्या हिश्शावर येते.

वसईच्या खाडीत काय नाही? नायगाव आणि भाईंदर ह्यांच्यामध्ये रेल्वेचे पूल आहेत. होड्यांचे नांगर, साखळ्या, रेती उपसणाऱ्यांचे तुटके सामान आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेपासूनचे लोखंडही ह्या मुखाशी कुठे ना कुठे गाळात असेल. उधाणाच्या भरतीओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते आणि वरून उल्हास नदीचा गाळ येतो. एवढे करून भूस्तर बेसाल्टचा आहे. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतेच, म्हणजे तळ स्वतःच कुजबुजत असतो. बेलच्या गादीतल्या स्प्रिंगा येथे मैलोगणती पसरलेल्या आहेत.

तरीही दोष खाडीला देऊन सुटता येणार नाही. खून एप्रिल २०१६ चा आणि खाडीतला शोध २०१८ चा. मध्ये दोन पावसाळे गेले. पहिल्या आठवड्यात जी पेटी ओहोटीच्या चिखलात कदाचित उघडी दिसली असती, ती दोन पुरांनंतर कोणत्या थराखाली गेली असेल हे कोण सांगणार? ज्यांनी आपल्याच सहकारी स्त्रीचा शोध तातडीने घ्यायचा, त्यांचीच पावले जड झाली होती. यंत्र आणायला नव्हे, ते आणायचे ठरवायलाच उशीर झाला.

जवळच्याच दुसऱ्या खाडीत वेगळे घडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पिस्तुलांचे भाग सुटे करून ठाण्याजवळच्या खारेगावच्या खाडीत टाकले, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे होते. परवानग्यांची वाट पाहत महिने गेले. अखेर परदेशी पाणबुडे आणि शक्तिशाली चुंबक आणून मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल वर काढण्यात आले. वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. परंतु १० मे २०२४ रोजी दोघा हल्लेखोरांना जन्मठेप झाली ती प्रामुख्याने प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर. वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या नळीतल्या रेषा गोळीवरच्या रेषांशी ताडून पाहणे हे वैज्ञानिकाच्या दृष्टीने कठीण काम असते.

२०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत खून झाला, तेव्हा हत्यारासाठी दिल्ली पोलिसांनी गुरुग्रामच्या झुडपांत धातुशोधक फिरवले आणि मोबाइलसाठी पुन्हा भाईंदरची खाडी धुंडाळली. पालघर जिल्ह्याची ही दक्षिण सीमा महाराष्ट्राच्या गुन्हेतपासात वारंवार येते.

उत्तरेकडे बोईसर-तारापूरला प्रश्न निराळा होतो. समजा, तेथल्या औद्योगिक वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत एक रिकामे काडतूस शोधायचे आहे. वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत, आणि आसपासच्या मातीत खिळे, तारांचे तुकडे, वेल्डिंगच्या कांड्यांची थोटके, बाटल्यांची बुचे. यंत्र पावलोपावली वाजणार. लोखंड वगळण्याची कळ त्यात असते, म्हणजे पितळेवर लक्ष ठेवता येते. पण गंजका खिळा काडतुसाच्या शेजारी पडला असेल तर दोन्ही एकदमच वगळली जाण्याचा धोका असतो. आणि पुरावा चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर असेल तर ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते. तिथे साधे यंत्र भ्रमते आणि विद्युत्स्पंदांवर चालणारे यंत्र लागते. जागा दोरीने पट्ट्यांत आखून, प्रत्येक आवाजाला निशाणी लावून, उचलण्याआधी छायाचित्र घेऊनच पुढे सरकावे लागते. लिटल बिगहॉर्नला केले तेच. आता तर झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही तिच्यात आहे. तज्ज्ञ किती आहेत आणि अंतरे किती लांब, हे पालघर-मोखाड्याच्या रस्त्यांवरून गेलेल्याला सांगायला नको.

बिद्रे खटल्याचा निकाल पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. मृतदेह मिळालाच पाहिजे, असा कायद्याचा आग्रह नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रामानंद खटल्यात स्पष्ट केले होते. मोबाइलची स्थाने, संभाषणांच्या नोंदी आणि इतर परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी न्यायालयाने पुरेशी मानली. कुरुंदकरला जन्मठेप झाली. पुरावा नष्ट करण्यात साहाय्य केल्याबद्दल दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि एक आरोपी निर्दोष सुटला. खून झाल्यापासून नऊ वर्षे लोटली होती. अंत्यसंस्कारासाठी कुटुंबाच्या हाती काहीही आले नव्हते.