बीडाच्या रसातून पुन्हा इंजिन

बेळगावाहून गोव्याकडे जाणारा एक रस्ता जांबोटीवरून कणकुंबीला पोहोचतो आणि पुढे चोर्ल्याच्या घाटाने खाली उतरतो. घाटातील लांब चढण म्हणजे जुन्या मोटारीची खरी कसोटी. रेडिएटरमधील पाणी आटले, इंजिन भलतेच तापले आणि त्यात एकाएकी गार पाणी ओतले गेले, की सिलिंडरच्या ठोकळ्याला तडा जाण्याचे भय असते. चालू बनावटीच्या गाडीचा भाग दुकानात मिळतो. परंतु जिची बनावटच बंद झाली, तिचे काय? वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1954 पासून फियाट 1100 ही मोटार कुर्ल्यास बांधली. पुढे पद्मिनी या नावाने ती घरोघर परिचित झाली आणि 2000 च्या सुमारास तिची बांधणी थांबली. अशा गाडीचा भाग जुन्या बाजारातही मिळाला नाही, तर तो नव्याने ओतावाच लागतो. हे ओतकाम ज्या प्रदेशात रुजले, त्याचा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही. तो नांगरापासून सुरू होतो.

धातू ओतण्याची विद्या दक्षिणेत जुनीच आहे. मेणाचा नमुना घडवून पितळेची मूर्ती ओतणारे ओतारी गावोगाव होते. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरास ओतली गेली. परंतु ही विद्या मुख्यतः पितळेची व काशाची. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यांत्रिक कामासाठी ओतण्याची गरज निर्माण झाली ती शेतीमुळे. लक्ष्मणराव व रामूअण्णा किर्लोस्कर या बंधूंनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा उद्योग उभा राहिला. लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्याची समजूत दूर होण्यास वेळ लागला. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या आश्रयाने 1910 मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारण्यात आला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा औंधच्या अधिपतींनी किल्ल्यावरील निकामी तोफा वितळवू दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते.

कोल्हापुरात हीच वाट गुऱ्हाळे आणि नदीकाठचे उपसा-पंप यांतून निघाली. ऑइल इंजिन बिघडले की परदेशी भागाची वाट पाहण्यास हंगाम थांबत नसे. म्हणून कारागिरांनी प्रथम दुरुस्ती केली, मग सुटे भाग ओतले आणि अखेर संपूर्ण इंजिने बनविली. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर व बेळगावचे उद्यमबाग ही याच परंपरेची केंद्रे होत.

इंजिनाचा ठोकळा ओतणे नांगराचा फाळ ओतण्याहून कठीण आहे, कारण त्यात धातूइतकेच महत्त्व पोकळीला असते. सिलिंडरभोवती पाणी खेळण्यासाठी वाकड्यातिकड्या वाटा लागतात. त्या पुढे कोरता येत नाहीत. ओततानाच रिकाम्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी वाळूत जवसाचे तेल किंवा मळी मिसळून पोकळीच्या आकाराचा गाभा करीत व तो भट्टीत भाजून घट्ट करीत. हल्ली त्या कामी रसायने वापरतात. बीडाचा रस वाळूहून कितीतरी जड, म्हणून साच्यातील गाभा लाकडासारखा वर उचलला जातो. त्याला धातूच्या बारीक टेकूंनी जखडावे लागते. गाभा थोडा जरी सरकला, तरी भिंत एका बाजूला पातळ होते आणि पहिल्याच चढणीला फुटते.

दुसरी अडचण मापाची. जुना फुटका भाग वाळूत दाबून त्याचाच ठसा घ्यावा, हे सोपे वाटते. परंतु बीड थंड होताना शेकडा सुमारे एक या प्रमाणात आखडते. तीनशे मिलिमीटरचा भाग तीन मिलिमीटरांनी लहान येतो. म्हणून फर्मा करणारा कारागीर मुळातच वाढीव मापाची पट्टी वापरतो आणि तासून काढावयाच्या पृष्ठांवर जादा जाडी ठेवतो. सुमारे साडेतेराशे अंश उष्णतेचा रस साच्यात उतरला, की वायू बाहेर जाण्यास वाटा हव्यात आणि आखडणाऱ्या धातूला पुरवठा करणारा साठाही हवा. रस फार लवकर थंड झाल्यास बीड पांढरे व काचेसारखे कठीण होते आणि त्यावर हत्यार चालत नाही. बेताने थंड झाल्यास त्यात ग्राफाइटच्या पापड्या पसरतात. सिलिंडरमध्ये त्याच घर्षण सुसह्य करतात आणि कंप शोषून घेतात.

आज कोळशाच्या क्युपोला भट्टीच्या जोडीला विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. मोडक्या भागाचे माप प्रकाशकिरणांनी घेता येते आणि फर्म्याशिवाय वाळूचा साचा थरावर थर छापून तयार करता येतो. एकच ठोकळा हवा असलेल्या जुन्या मोटारीला ही मोठीच सोय आहे. तथापि, कोणती भिंत किती आखडेल, रस कोठून शिरावा आणि गाभ्याला टेकू कोठे द्यावा, हे यंत्राला सांगावे लागते. हे ज्ञान कागदावर थोडे उतरले. पुष्कळसे लाकडी फर्मे करणाऱ्यांच्या हातांतच राहिले. एकेका इंजिनाचे फर्मे अडगळ म्हणून जळणात गेले, की ते इंजिन पुन्हा ओतण्याचा जवळचा मार्ग बंद होतो. जुन्या मोटारी जपणाऱ्यांनी मोटारीइतकीच या फर्म्यांची आणि ते करणाऱ्यांची काळजी वाहिली पाहिजे.