पिशाच्च व्हायचं की शिकारी?

मंडळी, आमच्या भाच्याला सध्या एक मोठा पेच पडलाय. तो असतो शेंदूरजनाघाटला. सुट्टीत संत्र्याच्या बागेत फिरायचं सोडून हा पोरगा कॉम्प्युटरवर 'स्कायरिम' खेळत बसतो. त्याच्या आजीच्या शब्दांत, "थो डबा घिऊन बसते दिसभर."

स्कायरिम आला २०११ साली, म्हणजे गेमच्या हिशेबाने म्हातारा. २०१२ मध्ये त्याला 'डॉनगार्ड' नावाची पुरवणी आली आणि भाच्याचा पेच त्या पुरवणीतला आहे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका जुन्या भुयारातून सेराना नावाच्या पोरीला सोडवायचं आणि तिच्या बापाच्या किल्ल्यावर पोचवायचं. बाप म्हणजे हार्कन, रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचा सरदार. तो खूश होऊन म्हणतो, घे माझं रक्त आणि हो आमच्यातला एक. हो म्हटलं की तुम्ही पिशाच्च, ताकद अफाट. नाही म्हटलं की तो हाकलून देतो आणि मग तुम्ही इसरान नावाच्या एका कडक माणसाच्या टोळीत, म्हणजे पिशाच्चांच्या शिकाऱ्यांत.

भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, तुमी कोनाकडून गेले असते?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजा. जरा लांबलंय, पण मामा लोक असेच असतात.

*

पहिली अडचण शब्दाची. व्हॅम्पायरला मराठीत नेमका शब्द नाही. आपल्याकडे भुतांची कमी आहे असं नाही. मुंजा आहे, हडळ आहे, जखीण आहे. पण ही मंडळी रक्तासाठी तहानलेली नसतात, त्यांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, तो मुंजा झाला. बाळंतपणात बाई गेली, ती हडळ झाली. नीट पाहिलं तर ही जुन्या काळच्या मृत्यूंची नोंदवहीच आहे.

इंग्रजांनी मात्र आपल्या एका भुताला व्हॅम्पायर करून टाकलं. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाचं नाव ठेवलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. खरं तर वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरून बसतो आणि गोष्टी सांगतो. गोव्यात तर तो कित्येक गावांचा ग्रामदेव आहे, लोलयेला त्याची भलीमोठी दगडी मूर्ती आहे. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे आणि लोक तिथे सकाळी फिरायला जातात!

आमच्या पिढीला वेताळ भेटला तो 'चांदोबा'त, चित्रकार शंकर यांच्या त्या प्रसिद्ध चित्रातून. राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. मग १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आलं. पण या गोष्टीची सुरुवात आणि शेवट फार थोड्यांना आठवतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला. त्यात हा राजा उज्जैनचा नाही. तो आहे त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. दरबारात एक साधू रोज येतो, राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. एक दिवस एका माकडाने फळ फोडलं तर आत रत्न. राजाने कारण विचारलं तेव्हा साधू म्हणाला, मला एक मंत्र सिद्ध करायचाय, त्यासाठी एका वीराची मदत हवी आहे. अमावास्येच्या आदल्या रात्री मसणात ये आणि झाडावर लटकलेलं प्रेत घेऊन ये.

म्हणजे पाहा, काम देणारा मांत्रिक, काम करणारा राजा आणि पकडून आणायचं ते भूत. सगळी मांडणी अगदी डॉनगार्डसारखी. पण वाटेत भूत राजाला प्रश्न विचारत राहतं. राजा उत्तर देतो, भूत परत झाडावर. असं होत होत शेवटच्या प्रश्नाला राजाला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ त्याला सांगतो की बाबा रे, तो साधू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तुम्ही दाखवा. राजा तसंच करतो आणि डोकं उडतं ते साधूचं.

लहानपणी हे वाचताना मला वेताळाची भीती वाटायची. आज वाटते ती साधूची. रोज एक फळ देणारा, काही न मागणारा माणूस!

*

आता जरा लांब जाऊ, सर्बियात. युरोपातल्या व्हॅम्पायरचा कागदोपत्री इतिहास तिथूनच जोरात सुरू होतो. १७१८ च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. १७२५ मध्ये किसिलिएवो नावाच्या खेड्यात एक शेतकरी वारला आणि नंतर आठवडाभरात गावातली नऊ माणसं दगावली. गावाने ठरवलं की हा परत येऊन आपल्याला मारतोय. तिथल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर थडगं उकरलं, प्रेताच्या छातीत खुंटा ठोकला आणि ते जाळलं. अधिकाऱ्याने रिपोर्ट लिहिला, तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. १७३२ च्या जानेवारीत मेद्वेजा गावी तर लष्कराचे डॉक्टरच गेले, प्रेतं उकरून तपासली आणि त्यांच्या अहवालानंतर 'व्हॅम्पायर' हा शब्द युरोपभर झाला.

हे वाचून हसू नका. नऊ माणसं आठवड्यात मेली तर गाव काय करणार? साथ म्हणजे काय ते ठाऊक नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो की कारण सापडलं, ते अमक्या थडग्यात आहे. माणसाला हात चालवायला काहीतरी मिळतं. शिकारी तयार होतो तो असा, दुष्टपणातून नाही, घाबरलेल्या माणसांच्या गर्दीतून.

मग १७५५ साल. मोराव्हियाच्या सरहद्दीवर हेर्मर्सडोर्फ नावाच्या गावात एका मेलेल्या बाईला पिशाच्च ठरवलं. तिचं प्रेत बाहेर ओढायचं काम तिच्याच घरच्यांना करायला लावलं आणि मग ते जाळलं. ही बातमी महाराणी मारिया थेरेसापर्यंत गेली. तिने डॉक्टर पाठवून चौकशी करवली. तिचा खाजगी वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन, हॉलंडचा माणूस, त्याने त्यावर सविस्तर लिहिलं. थंडी असेल, पेटी घट्ट बंद असेल, हवा लागत नसेल तर प्रेत बरेच दिवस टिकतं, त्यात पिशाच्चाचा काही संबंध नाही. त्याच वर्षी महाराणीने हुकूम काढला की असली प्रकरणं यापुढे परस्पर मिटवायची नाहीत. थडगी उकरणं, प्रेतं जाळणं बंद.

म्हणजे राज्याने बंदोबस्त केला तो पिशाच्चांचा नाही, शिकाऱ्यांचा.

एक योगायोग सांगतो. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत पिशाच्चाची शिकार करतो तो व्हान हेल्सिंग, तोही डच डॉक्टरच. खऱ्या डच डॉक्टरने शिकार थांबवली, कादंबरीतल्याने सुरू केली. आपल्या सगळ्यांच्या लक्षात कोण राहिला ते सांगायला नको. गेममधले शिकारी त्या दुसऱ्या डॉक्टरच्याच खानदानातले.

*

इथे घरची एक गोष्ट सांगतो. नातेवाईक वाचतायत हे ठाऊक आहे, तरी सांगतो. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

माझ्या आजीची धाकटी बहीण, आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. पहिल्या बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली. जेवायची नाही, बाळाला घ्यायची नाही, रात्री उठून आवारात जाऊन बसायची. आज कोणताही डॉक्टर याला नाव देईल आणि औषधही देईल. त्या काळी घरच्यांनी नाव दिलं, बाहेरचं लागलंय. कोणा जाणत्याला बोलावलं. कडुलिंबाच्या फोकांनी झोडपलं आणि खोली बंद करून मिरचीची धुरी दिली. पुढे काही महिन्यांनी ती आपोआप सावरली आणि घरात हकिगत राहिली ती अशी की 'हडळ उतरवली'. ही गोष्ट सणासुदीला रंगवून सांगितली जायची, तिच्यासमोर. फोडणीत मिरची पडली की ती मुकाट्याने उठून ओसरीवर जायची, तेवढं मात्र कोणी सांगत नसे.

मी कॉलेजात असताना शहाणपणा करून तिला विचारलं होतं, मावशीआजी, खरंच भूत दिसलं होतं काय वं? ती म्हणाली, "भूत नाई दिसलं बापा. मानसंच दिसली. घरचीच होती सारी."

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचताना मला हे वाक्य आठवलं. त्या कायद्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्यात सुरुवातीलाच 'नरबळी' हा शब्द येतो. अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने काय काय करतात त्याबद्दल आहे. दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, छताला टांगणं, चटके देणं आणि हो, मिरचीची धुरी देणं. कायद्याच्या कोरड्या भाषेत आमच्या घरातली ती बंद खोली लिहिलेली होती. त्याच यादीत साप-विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणंही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

या कायद्यासाठी दीड-दोन दशकं भांडणं चालली. नागपूरचे श्याम मानव, पुण्या-साताऱ्याकडचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी महाराष्ट्र पालथा घातला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. देवाधर्मावर घाला येणार म्हणून ओरड झाली होती, पण प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना कायद्याने स्पष्ट बाजूला ठेवलंय. भूत आहे की नाही यावर तो कायदा काहीच बोलत नाही, तेही मला आवडतं. तुम्ही खुशाल माना. फक्त भुताच्या नावाने माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. १७५५ च्या व्हिएन्नात आणि २०१३ च्या नागपुरात जवळजवळ एकच निर्णय झाला.

पण कायदा झाला म्हणजे संपलं असं नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, 'डंबा' म्हणतात त्याला. अलीकडेही अशा बातम्या आल्या आहेत. तिथेही किसिलिएवोसारखंच आहे. रात्री बाळ रडतंय, दवाखाना लांब आहे, घरात पैसा नाही. महाराणीला हुकूमाआधी डॉक्टर पाठवावे लागले होते, हे विसरून चालणार नाही.

*

गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. १८७६ चा जन्म. देवापुढे बकरं कापण्याच्या विरोधात त्यांनी जन्म घालवला. पण त्यांची पद्धत पाहा. ते कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. नवसाला कापतो तो जीव कोणाचा, त्यातून मिळतं काय, पोट कोणाचं भरतं.. हातात खराटा होता, पण तो रस्ता झाडायला, माणसाला झोडपायला नाही. गाडगेबाबा पिशाच्चाच्या बाजूचे नव्हते, शिकाऱ्यांच्याही नाहीत. ते विचारणाऱ्यांच्या बाजूचे होते. वेताळही तेच करत होता म्हणा, रात्रभर.

आता गेमकडे. डॉनगार्डमध्ये तुम्ही पिशाच्च व्हा किंवा शिकारी व्हा, शेवटची लढाई एकाशीच होते, हार्कनशी. कारण त्याला सूर्य झाकून टाकायचाय आणि त्यासाठी त्याला स्वतःच्याच पोरीचं रक्त हवंय. त्या पैठणच्या साधूला राजाचं डोकं हवं होतं, तसंच. सेराना पिशाच्चच, पण तुम्ही कोणत्याही बाजूने खेळा, ती तुमच्यासोबत चालते. ज्यांनी गेम बनवला त्यांनाही बहुधा कळलं होतं की खरी वाटणी पिशाच्च आणि शिकारी अशी नाहीच. बळी मागणारा कोण आणि बळी जाणारा कोण, एवढंच शेवटी उरतं.

तेव्हा भाचेबुवा, बाजू कोणतीही घ्या. पण शिकारी झालात तर एक करा. ज्याने कामावर पाठवलंय त्याला आधी विचारा, तुम्ही दाखवा बरं साष्टांग नमस्कार कसा घालतात ते.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी 'उतरवलेली' मावशीआजी असेल. तिची गोष्ट तिच्या बाजूने कोणाला ठाऊक असेल तर लिहा, जरूर लिहा. भुतांच्या बाजूने आजवर पुष्कळ लिहून झालंय.