इंदूरचा खड्डा



कापसाची वेचणी उरकली की पऱ्हाट्यांचं काय करता? थोड्या चुलीत जातात आणि राहिलेल्या बांधावर रचून काडी लावली जाते. शेणाच्याही गोवऱ्या होतात. मग पावसाळ्याच्या तोंडावर उकिरडा उकरावा, तर चार गाड्यासुद्धा भरत नाहीत. ही रड आजची नाही. शंभर वर्षांमागे इंदूरला काही मंडळी याच पेचात होती.

१९२४ साली होळकर संस्थानच्या तीनशे एकर जमिनीवर तिथे कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. हा साहेब १९०५ पासून बिहारात पुसा इथे होता, आणि इथल्या शेतकऱ्याला व पिकावरच्या किडींना आपले गुरू मानी. त्यांचे जोडीदार यशवंत वाड हे रसायनाचे जाणकार. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ मालावर पुस्तक काढलं. जगभर खताची ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच. पुस्तकावर वाडांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी हॉवर्डच राहिले, हे खरं.

पहिली अडचण पऱ्हाटीच्या टणकपणाची. ती कुजायची कशी? त्यांनी पऱ्हाट्या, तुराट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. बैलांच्या खुरांनी न् गाड्यांच्या चाकांनी त्यांचा चुरा झाला. तो गोठ्यात जनावरांखाली अंथरला, म्हणजे मूत त्यात मुरलं. वाया जाणाऱ्या मुतात नत्र किती असतं, हे आपण विसरतो!

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, पण खोल फक्त दोन फूट. एवढा उथळ का? कारण कुजवण्याचं काम करणाऱ्या बुरशा आणि जिवाणू यांना आपल्यासारखीच हवा लागते. काडीकचरा, मुताची माती, राख यांचे थर द्यायचे, वर शेणकाला शिंपायचा. दुधाला विरजण लावतो तसं आधीच्या खड्ड्यातलं थोडं खतही घालायचं. मग आधी पांढरी बुरशी धरते, ढीग तापतो, साखर-पिठूळ भाग लवकर संपतो, मग धागे, आणि लाकडासारखा चिवट भाग सगळ्यांत शेवटी. काडीतला बराचसा कर्ब वायू होऊन उडून जातो, ढीग खाली बसतो. पहिली चाळणी पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते आणि घाण सुटते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावीत. एका बैलजोडीमागे वर्षाला जवळजवळ पन्नास गाड्या खत निघे. आपल्या चार गाड्यांशी ताडून बघा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, धसकटं सरळ नांगरून गाडू की. गाडा, पण लगेच पेरू नका. सुक्या काडीत कर्ब फार, नत्र कमी. इंदूरच्या हिशेबाने खड्डा भरताना नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण ३३ भाग असावेत, आणि तयार खतात ते १० च्या आसपास येतात. काडी अर्धकच्ची गाडली तर जिवाणू आपली भूक भागवायला जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. ते पुढे परत मिळतं, नाही असं नाही, पण तोवर तुमचं कोवळं पीक पिवळं पडलेलं असतं. पुष्कळदा दोष बियाण्याला दिला जातो.

१९३५ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे काम पाहिलं. पुढे आपल्याकडे पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांचं टाकं बांधलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना ठिकठिकाणी भोकं. वारा भोकांतून आत शिरतो, त्यामुळे माल वरखाली करायची मेहनत वाचते. शेणही थोडं लागतं, साधारण शंभर किलो. मात्र वेळ थोडा जास्त लागतो, तीन ते चार महिने, आणि वरचं लिंपण तडकलं की लगेच शेणमातीनं बुजवावं लागतं.