परमुलखातील मुले आणि आपले गाठोडे



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणेच हाताला अधिक सरावाचे. पण एक गोष्ट पुष्कळ दिवस मनात घोळते आहे, आणि ती आपल्या मंडळाच्या कामाचीच आहे. म्हणून लिहावयास बसले.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. तेथील मुलांसाठी कपडे व पादत्राणे जमवावीत, असे आपल्या मंडळात ठरले. आठवड्याभरात सभागृहाची अर्धी जमीन बोचक्यांनी भरली. मीही एक पिशवी नेऊन टाकली आणि मोठे काम केल्यासारखी बसले. पिशव्या उघडल्यावर काय निघावे? एकेकटी चप्पल, जोडीचा पत्ता नाही. चेन तुटलेली पँट. हळदीच्या डागांचे फ्रॉक. मंडळातील एका वडीलधाऱ्या काकूंनी माझ्याच पिशवीतला एक शर्ट उचलला. त्याला तीन बटणे नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, हा घालून तू आपल्या लेकाला शाळेत पाठवशील का?" मी खाली पाहिले. उत्तर द्यावयास तोंड नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी मी धाकट्या बहिणीकडे कोल्हापूरला गेले. तेथील महावीर उद्यानात तिने मला एक स्मारकस्तंभ दाखविला. तो पोलंड देशातील लोकांच्या आठवणीचा आहे. त्याची हकीकत ऐकली, पुढे आणखी विचारून घेतली, आणि काकूंच्या प्रश्नाचा अर्थ मला अधिक कळला.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी व रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. पुढच्या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसे, त्यांत बायका-मुले पुष्कळ, आगगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांना सुटण्याची परवानगी मिळाली. पण तोवर किती आया उपासाने व टायफसच्या तापाने गेल्या होत्या. पोरे अनाथ झाली होती.

त्या वेळी मुंबईत पोलंडचे वाणिज्य दूत बानासिन्स्की होते. त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीने मदतीचे काम अंगावर घेतले. औषधे, अन्न व कपडे घेऊन हिंदुस्थानातून लॉऱ्या क्वेट्टा, इराणातील मशहद या मार्गाने रशियाच्या हद्दीतील अश्काबादपर्यंत गेल्या. रस्ता डोंगरांचा आणि वाळवंटाचा. परत येताना त्या रिकाम्या आल्या नाहीत; अनाथ मुलांना घेऊन आल्या. १९४२ मध्ये पहिली मुले मुंबईस पोहोचली व वांद्रे येथे त्यांना विसाव्यासाठी ठेवले. पुढे जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी त्यांच्यासाठी बालाचडी येथे वसाहत उभारली. मुले त्यांना बापू म्हणत.

दुसरे हजारो लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तेथे उवा व टायफसच्या भीतीने त्यांचे अंगावरचे कपडे काढून जाळले आणि डोकी भादरली. विचार करा, घरून आणलेली शेवटची वस्तू म्हणजे अंगावरचे वस्त्र, तेही जळाले! पुढे जे अंगावर चढले ते कोणा अनोळखी माणसाने दिलेले होते. त्याचे माप कोणाला ठाऊक?

यांपैकी बरेच जण कराचीमार्गे आपल्या महाराष्ट्रात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये त्यांची छावणी वसली. सुमारे पाच हजार वस्ती, बहुतेक बायका व मुले. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. पण मला भावली ती एक गोष्ट. तेथे पंगतीत बसवून ताट वाढण्याचा प्रकार नव्हता. कुटुंबाला राहावयास बराकीतील खोल्या व स्वयंपाकाची जागा होती, आणि हातखर्चास दरमहा थोडी रक्कम मिळे. त्या बायका स्वतः भाजी निवडून घेत, भाव करीत, घरी रांधीत. गावचे विक्रेते मोडकी पोलिश बोलू लागले होते. परमुलखात आलेल्या बाईला आपल्या चुलीची मालकीण राहता आले, हे दान मला सर्वांत मोठे वाटते.

१९४७-४८ च्या सुमारास ते लोक पांगले. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांच्या जागी फाळणीमुळे घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे आली. त्या वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. आज तेथे कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. जेथे एके काळी मागून आणलेले कपडे वाटले, तेथून आज गावोगावी कापड जाते.

हे झाले कोल्हापूरचे. पण आपला चांदा जिल्हा यात मागे नव्हता. पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या दंगलींनंतर हिंदू कुटुंबांचे लोंढे आले. पुष्कळांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवले, आणि त्यांतील काहींना आपल्याकडे वसविले. तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता; तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. मुलचेरा, चामोर्शी या भागांत जंगलाच्या जमिनी काढून त्यांना शेतीस दिल्या. चंद्रपुरातील बंगाली कॅम्प आपणां सर्वांच्या रोजच्या वाटेवरचा आहे. धान आणि मासळी ही आपली व त्यांची समान ओळख. म्हणून ते येथे रुजले.

माझ्या सासूबाईंचे माहेर चामोर्शीकडचे. त्या तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने जुनी लुगडी व पोरांचे सदरे गाठोड्यात बांधून नव्या वस्तीत नेले. एका बंगाली बाईने ते घेतले, उलगडून पाहिले आणि विचारले, "दीदी, सुई-धागा है?" सासूबाईंच्या आईला आधी राग आला. इतके दिले तरी आणखी मागते! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सुईदोरा व कात्री नेऊन दिली. आठ दिवसांनी त्या बाईची तिन्ही लेकरे त्याच लुगड्यांतून बेतलेले, अंगाला बसणारे कपडे घालून फिरत होती. सासूबाई ही गोष्ट सांगताना अजून म्हणतात, "तिनं भीक नाही मागितली बाई, हत्यार मागितलं."

पुढे १९७१ मध्ये सुमारे एक कोटी शरणार्थी भारतात आले. त्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे शरणार्थी साहाय्य तिकीट लावावे लागे. गरिबाच्या पाकिटावरही ते असे. घराघरांतून पाच-पाच पैसे गेले.

असो. २०१५ च्या त्या दिवशी काकूंनी आम्हांला घरी जाऊ दिले नाही. डबीतून बटणे काढली. पाच संध्याकाळी आम्ही बसलो. जे धुण्याजोगे ते धुतले, उसवलेले शिवले, जोडे नाडीने एकमेकांस बांधले, प्रत्येक कपड्यावर वयाची चिठ्ठी टाचली. जे देण्याजोगे नव्हतेच त्याची पोतेरी केली. ढीग निम्म्याहून कमी झाला, पण पाठविताना लाज वाटली नाही. त्या शर्टाला तीन बटणे मी स्वतः लावली.

यंदाही कोणत्या ना कोणत्या मुलखातील मुलांसाठी आपल्यापुढे हाक येईल. तेव्हा गाठोडे बांधण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, एवढीच माझी विनंती. काय हवे आहे ते घेणाऱ्यास आधी विचारावे. आणि देताना प्रत्येक कपडा हातात घेऊन काकूंचा प्रश्न स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तरच गाठ मारावी.