डिझेल रूपांतर (जुनी पिकअप वाहने)

मूळ पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनातील इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवणे, या क्रियेस डिझेल रूपांतर असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच 'गाडी डिझेलवर करणे' असे म्हटले जाते. महाराष्ट्रात हे रूपांतर प्रामुख्याने जुन्या जीप आणि जीपच्या चॅसिसवर बांधलेल्या पिकअप गाड्यांच्या बाबतीत झाले. तळोजा (तालुका पनवेल, जिल्हा रायगड) येथील औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि न्हावाशेव्याचे बंदर यांच्या परिसरात कमी पल्ल्याची मालवाहतूक मोठी आहे. अशा ठिकाणी छोट्या मालवाहू गाडीच्या मालकाला इंधनाचा खर्च दररोज सोसावा लागतो, आणि रूपांतराचा विचार बहुधा तेथूनच सुरू होतो. आजच्या कायद्याने मात्र या प्रथेला जवळजवळ पूर्ण आळा घातला आहे.

पार्श्वभूमी

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ नंतर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे दीर्घकाळ चाललेल्या सीजे-३बी या नमुन्यात 'हरिकेन' नावाचे चार सिलिंडरांचे, २,१९९ घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. त्याची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. हवा-इंधन आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर, तर धूर बाहेर सोडणारी झडप बाजूला ब्लॉकमध्ये असे. बॉनेट उंच ठेवण्याचे कारणही हेच उंच इंजिन होते. १९६५ मध्ये आलेला एफसी-१५० हा छोटा ट्रकही पेट्रोलवरच चालत असे.

१९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले. डिझेल हे शेती व मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने त्याची किंमत पेट्रोलपेक्षा बरीच खाली ठेवली. या फरकामुळे जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन बदलण्याचा खर्च अधिक धावणाऱ्या मालकास परवडू लागला. मद्रासच्या सिम्सन कंपनीची पर्किन्स परवान्याखालील डिझेल इंजिने त्याआधीपासूनच बाजारात होती. १९७५ च्या सुमारास महिंद्रने स्वतःच डिझेल जीप आणली. तिचे एमडी-२३५० हे इंजिन मूळ ट्रॅक्टरचे, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या वंशातले होते. ते मजबूत आणि दुरुस्तीस सोपे होते. मात्र शेतातल्या यंत्राचा खडखडाटही त्यासोबत आला.

१९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या इंजिनाच्या निर्मितीचा करार झाला. नावातील ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या दाखवतो, तर ९० हा सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर असल्याने क्षमता २,११२ घन सेंटिमीटर भरते. हे इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनाहून मऊ आणि अधिक वेगाने फिरणारे होते. चॅसिस त्याच कुळातील असल्यामुळे जुन्या पेट्रोल जीपमध्ये कंपनीचेच डिझेल इंजिन बसवणे तुलनेने सुकर झाले. वापरलेली इंजिने व सुटे भाग मिळण्याचे मुंबईतील प्रसिद्ध ठिकाण म्हणजे कुर्ला.

इंजिन बसते, पण गाडी बसते का?

इंजिन उचलून चॅसिसवर ठेवणे हा रूपांतराचा सर्वांत सोपा भाग होय. खरा प्रश्न इंजिनाभोवतालच्या प्रत्येक भागाचा असतो. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते व संपीडन गुणोत्तर जुन्या इंजिनांत सातच्या आसपास असे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसपटीच्या आसपास दाबल्यामुळे इतकी तापते की नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसण्यासाठी ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि डोके जाड लागते. त्यामुळे डिझेल इंजिन वजनाला भारी असते. पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या ब्रेकांवरचा भार वाढतो. पाटे बदलले पण ब्रेक तसेच ठेवले, तर काम अर्धवट झाले असे समजावे.

गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधली बेल हाउसिंग जुळली नाही तर मधे पोलादी प्लेट बसवावी लागते. ही प्लेट अचूक मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि त्याचे बेअरिंग लवकर झिजते. क्लच प्लेटही नव्या पिळाला साजेशी हवी.

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे क्राऊन-पिनियनचे प्रमाण. सीजे-३बीमध्ये हे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. टायरचा एक फेरा सुमारे २.२ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे ६१ किलोमीटर येतो. पेट्रोल इंजिन याहून बरेच वर फिरू शकत असल्याने तेथे अडचण भासत नसे. ट्रॅक्टरच्या कुळातील संथ डिझेल इंजिन मात्र याच वेगाला धापा टाकू लागते. प्रमाण ४.२७ केले तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी ७७ किलोमीटरपर्यंत जातो. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर माल घेऊन धावणाऱ्या गाडीला याचा उपयोग होतो; चढावाच्या कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला जुनेच प्रमाण बरे.

इंधनाची व्यवस्थाही निराळी आहे. डिझेलच्या पंपातून व नोझलमधून उरलेले इंधन टाकीत परत जावे लागते, म्हणून टाकीला परतीची नळी काढावी लागते. जुनी टाकी आतून गंजलेली असेल तर तो गंज पंपापर्यंत पोहोचतो, आणि इंजेक्शन पंपाची दुरुस्ती हा या सगळ्यातला महागडा खर्च ठरू शकतो. नळीत हवा शिरल्यास इंजिन सुरू होत नाही. ती हवा हाताने काढावी लागते. थंडीत सुरू होण्यासाठी प्यूजोसारख्या इंजिनांना हीटर प्लग लागतात. संपीडन जास्त असल्याने सेल्फला अधिक जोर लागतो, म्हणून बॅटरीही मोठी लागते.

डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटल झडप बहुधा नसते, त्यामुळे पेट्रोल इंजिनाप्रमाणे त्यात निर्वात तयार होत नाही. ज्या गाडीला ब्रेकसाठी व्हॅक्यूम बूस्टर आहे तिला स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवणे अत्यावश्यक ठरते. पंप विसरला गेला तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे कडक होते. याशिवाय चावी बंद करूनही जुने डिझेल इंजिन थांबत नाही, कारण ते ठिणगीवर चालतच नाही. इंधन तोडणारी स्टॉप केबल चालकाच्या हाताशी हवी. झिजलेल्या इंजिनात वंगणतेल सिलिंडरमध्ये शिरून इंजिन त्याच तेलावर धावत सुटण्याचा प्रकारही घडतो. तेव्हा टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडावा किंवा हवेची वाट बंद करावी.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ हे वाहनातील बदलांविषयी आहे. मूळ तरतुदीनुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची आगाऊ संमती घेऊन बदल करता येत असे, आणि जुन्या अनेक रूपांतरांची नोंद अशाच संमतीने आर.सी. बुकात झाली. २००० सालच्या दुरुस्तीनंतर परिस्थिती पालटली. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. बॅटरी, सीएनजी, एलपीजी अशा वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी विहित अटींनुसार रूपांतर संच बसवण्याची मुभा आहे. बाजारातून आणलेले दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवणे त्यात येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल मान्य होणार नाही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तळोजा परिसरातील वाहने पनवेलच्या परिवहन कार्यालयाच्या (एमएच-४६) अखत्यारीत येतात. मालवाहू गाडीला ठरावीक कालावधीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तपासणीत आर.सी. बुकातील इंधन व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून पाहता येतो. जुळणी न झाल्यास गाडी उभी राहते. विम्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अपघातानंतर कंपनी नोंदीत नसलेल्या बदलाकडे बोट दाखवू शकते, आणि ज्याची सारी कमाई त्या एका गाडीवर आहे त्याला हा वाद कित्येक वर्षे पुरतो. वापरलेले इंजिन घेताना विक्रीची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेणे म्हणूनच आवश्यक. चोरीच्या गाडीचा इंजिन क्रमांक खरेदीदाराच्या गळ्यात पडू शकतो. गाडी कर्जाची असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती कायद्यानेच सांगितली आहे.

प्रथा का ओसरली

१९८६ मध्ये टाटा ४०७ आणि पुढे टाटामोबिल, तसेच महिंद्रच्या डिझेल पिकअप आल्यावर कारखान्यातूनच डिझेल गाडी मिळू लागली. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसने, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'छोटा हत्ती'ने, दोन सिलिंडरांच्या ७०२ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनावर छोट्या मालवाहतुकीचा प्रश्न बराचसा सोडवला. इंधनाच्या दरातील अंतरही घटले. पेट्रोलवरील नियंत्रण जून २०१० मध्ये, तर डिझेलवरील ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. बीएस-६ काळातील इंजिने संगणकीय नियंत्रणावर चालत असल्याने ती जुन्या चॅसिसवर बसवणे साध्या गॅरेजच्या आवाक्यात राहिलेले नाही.

आज रूपांतरित जीप व पिकअप मुख्यत्वे छंद म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे आढळतात. २००० पूर्वीची, आर.सी. बुकात 'डिझेल' अशी रीतसर नोंद असलेली गाडी या बाबतीत निर्धोक मानली जाते. अशी गाडी विकत घेताना चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक दोन्ही खरडून स्वच्छ करून, कागदाशी अक्षर न् अक्षर पडताळून घ्यावेत.