फुलाची घटका: खानदेश, गांजाचे झाड आणि उजेडाचा हिशोब

खानदेशच्या शेतीचा इतिहास लिहिताना कापूस आणि केळी यांना प्रशस्त जागा मिळते. गांजाला ती मिळत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्या झाडाचे नाव आज प्रामुख्याने पोलिसांच्या पंचनाम्यात येते, त्याचा इतिहास कोण लिहिणार? आम्हीही तो सगळा लिहायला बसलेलो नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे. हे झाड केव्हा फुलते, हे कोणाकोणाला ठाऊक होते आणि ते त्यांनी कोणत्या भाषेत नोंदवले? शेतकरी, सरकार आणि वनस्पतिशास्त्रज्ञ या तिघांनी एकच घटका तीन निरनिराळ्या भाषांत सांगितली आहे. त्या भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ शब्दांपासूनच करू. एकाच झाडाच्या पानाला आपण भांग म्हणतो, मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा आणि त्याच्या राळेला चरस. म्हणजे झाडाचे कोणते अंग आणि ते कोणत्या अवस्थेत, हा भेद कायद्याच्या कितीतरी आधी भाषेने केला होता. गांजा हा शब्द उच्चारला की फुलोरा गृहीत असतो.

तो फुलोरा येतो मात्र स्वतःच्या वेळापत्रकाने. पावसाळ्यात वाढलेले झाड पाऊस ओसरल्यावर, दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्याला लागते. मराठी शेतकऱ्याकडे या काळासाठी नक्षत्रांचे कॅलेंडर होते. मृग, आर्द्रा, हस्त, चित्रा, स्वाती ही शेतीची नक्षत्रे चंद्राची नव्हेत, सूर्याची. साधारण तेरा-चौदा दिवसांचे एकेक. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सणवार तिथीप्रमाणे मागेपुढे होतात, नक्षत्राची पेरणी होत नाही. सूर्याची स्थिती मोजणारे कॅलेंडर अप्रत्यक्षपणे दिवसाची लांबीच मोजत असते. संपातचलनामुळे त्यात सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो, पण एका शेतकऱ्याच्या हयातीत तो जाणवण्याजोगा नाही. दिवसमानाचा सिद्धान्त या कॅलेंडरात होता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्या सिद्धान्ताला लागणारी शिस्त त्यात निश्चित होती.

सरकारची भाषा निराळी. जुलै १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी अनावश्यक ठरवून परवाना, कर व नियंत्रण यांची शिफारस केली. मध्य प्रांतात गांजाची परवानाधारक लागवड खंडव्याभोवती केंद्रित होती. खंडवा म्हणजे सातपुड्यापलीकडचे निमाड, भुसावळहून रेल्वेने जोडलेला खानदेशचा शेजार. बंगालमध्ये नवगावच्या लागवडीत नर झाडे वेळीच ओळखून उपटणारा एक तज्ज्ञ असे. त्याला पोद्दार म्हणत. परागण झाले की फुलोऱ्यात बी धरते आणि गांजाचा दर्जा उतरतो, म्हणून फुलण्याच्या ऐन उंबरठ्यावर त्याची नजर मोलाची ठरे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा अहवाल एक संहिता म्हणून अवश्य वाचावा. त्यात अधिकारी प्रश्न विचारतो, अधिकारीच बहुधा उत्तर देतो, आणि शेतातले ज्ञान तृतीयपुरुषी वाक्यात, 'असे सांगतात' या रूपात येते.

तिसरी भाषा प्रयोगशाळेची. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्न्वा हा तरुण संशोधक हॉप आणि भांग या भाऊबंद वनस्पतींवर काम करीत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपे लहान असतानाच फुलतात, हे त्याला आढळले. शेतात ऊब, पाऊस आणि उजेड एकत्रच येतात आणि एकत्रच सरतात. फुलण्याचे कारण त्यांतले कोणते, हे सांगणे अवघड. काचघरात ऊब कायम राहिली, कमी झाला तो फक्त उजेड. ऋतूची ही मोट तिथे सुटली. कारण दिवसाच्या लहानपणापेक्षा रात्रीच्या लांबीत असावे, असा निष्कर्ष त्याने १९१४ मध्ये मांडला. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम थांबले.

पुढे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या व सोयाबीनच्या कुंड्या दुपारी चारला अंधाऱ्या कोठडीत नेल्या, सकाळी नऊला बाहेर काढल्या, आणि ऐन उन्हाळ्यात फुले आणून दाखवली. त्यांचा निबंध १९२० चा. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी लांब रात्र मध्येच थोड्याशा उजेडाने तोडली तर फुलणे थांबते हे सिद्ध केले, आणि तुर्न्वाचा तर्क खरा ठरला. रोप आत नेणे आणि बाहेर आणणे या साध्या कृतीतून हे शास्त्र जन्मले. आज कृत्रिम दिव्यांखाली वाढवलेले भांगेचे झाड उघड्यावर आणले की ते अवेळी फुलते किंवा फुलायचे लांबवते, त्याचेही कारण हेच: दिव्याची रात्र आणि आभाळाची रात्र जुळत नाही.

आत वाढलेले रोप बाहेर नेण्याची विद्या जळगावला परकी नाही. १९९० च्या दशकापासून जैन उद्योगसमूहाने ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीचा प्रसार केला. प्रयोगशाळेतल्या बाटलीतले रोप आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली कणखर करतात आणि त्यानंतरच ते रावेर-यावलच्या शेतात जाते. केळीला मात्र रात्रीची वाट पाहावी लागत नाही. पुरेशी पाने आली की केळफूल निसवते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. एका रोपाच्या स्थलांतराला मानांकन, दुसऱ्याच्या लागवडीला तुरुंग, आणि दोन्ही एकाच भूमीत.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्याशी बांधली: फुललेले वा फळलेले शेंडे म्हणजे गांजा, शेंड्यांविना आलेली पाने आणि बिया वगळून. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातले शब्दच जवळपास तसेच इथे उतरले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली एका जामीन अर्जावर याच व्याख्येचा आधार घेतला. लागवड मात्र, झाड फुललेले असो वा नसो, परवान्यावाचून गुन्हाच आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तूर-कापसाच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. तिथे झाडाचे वजन केले जाते, किंमत काढली जाते. ते केव्हा फुलते हे जाणणाऱ्याचा जबाब आरोपी म्हणूनच नोंदतात.

गांजाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या व्यसनाने उजाडलेली घरे आम्हीही पाहिली आहेत. आम्हांला खटकते ते ज्ञानाच्या वाटणीतले अंतर. तुर्न्वाच्या नावे निबंध उरला, गार्नर-अलार्डच्या नावे सिद्धान्त. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुलोऱ्याची वेळ शेतात उभे राहून ओळखली, त्यांच्या नावे आधी आयोगाचे 'असे सांगतात' आले आणि नंतर पंचनामा. इतिहासकाराने या दोन कागदांच्या मधली जागा वाचायला शिकले पाहिजे. खानदेशात त्या जागेत बहुधा एखादे नक्षत्र सापडेल.